अकरावं अंगण

बबननं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बिऱ्हाडाच्या मागच्या खिडकीला मच्छरजाळी लावणं. बिऱ्हाड हे त्याच्या गाडीचं नाव. रविवारची संध्याकाळ होती. चिखलीत आमच्या बिल्डिंगखाली गाडी उभी होती, पत्रा अजून तापलेला. जाळी त्यानं धरली, स्क्रू मी पिळले. तो म्हणत होता आतून लावू, मी म्हणालो बाहेरून. बाहेरून लावली आणि काच सरकेना. मग सगळे स्क्रू काढले आणि आतून लावली. "बघ, मी सांगत होतो" असं तो म्हणाला नाही. नुसता एकेक स्क्रू माझ्या हातात देत राहिला. चुकलेल्या माणसाला एवढ्या शांतपणे स्क्रू देणारा माणूस सोसणं सोपं नसतं. मी तीस वर्षं सोसला.

मी त्याच्यावर जळायचो. चौथी शिकलेला माणूस आहे, आडवळणानं लिहिता येत नाही, म्हणून आधीच लिहून टाकतो. त्याची बायको जिवंत होती, माझी गेली. त्याला चार माणसं हाक मारायची, मला कामापुरती. ज्या बिल्डिंगमध्ये माझी एक खोली आहे, ती बिल्डिंग त्याच्या बापाच्या रानात उभी आहे. म्हणजे मी झोपतो त्याच्या खाली एकेकाळी बबनची ज्वारी होती. अशा माणसावर जळायला वेगळं कारण लागत नाही. पण मला होतं.

आम्ही दोघं एका कंपनीच्या प्रेस शॉपला, जिथं डाय म्हणजे साचा लावून पत्रा दाबतात. आधी भोसरीला, मग कंपनी चाकणला गेली तसे आम्ही तिकडं. शॉपमध्ये कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. ज्याचं जे गाव, ते त्याचं नाव. "ए चिपळूण, डाय बदल." "जामखेडला सांग, सुपरवायझर बोलावतोय." एकदा औसा आणि राधानगरीची मारामारी झाली, ती सोडवायला यावल मध्ये पडला आणि दात यावलचाच पडला. बबन इथलाच, चिखलीचा जुना. त्याला नुसतं "गाववाला" म्हणायचे.

मी दापोडीचा. रेल्वे लाइनच्या कडेला जन्मलो, तिथंच वाढलो. त्याआधीचं गाव होतं कुठंतरी. आजोबांनी ते सोडलं. आमचं घर वेशीबाहेर होतं, आणि आजोबा म्हणायचे, ज्या गावानं विहिरीला हात लावू दिला नाही त्याचं नाव या घरात काढायचं नाही. कुणी काढलं नाही. मला ते आजही माहीत नाही.

कामाला लागलो त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे गोल बसले होते. जो तो आपल्या अंगणाचं सांगत होता. कुणाच्या अंगणात फणस, कुणाच्या गोठा. चिपळूणनं मला विचारलं, "तुझं गाव कुठलं राव?" दापोडी म्हणालो असतो तर तिथंच संपलं असतं. पण माझ्या तोंडून बायकोचं अंगण निघालं. म्हणालो, "धरणावर आहे घर. पाच पायऱ्या उतरलं की पाणी. समोर आंबा. अंगणात बैलगाडी वळते." असं अंगण कुणाचंच नव्हतं.

ते शालनचं माहेर. ती जसं सांगायची तसंच मी सांगितलं, फक्त एक गाळलं. ते अंगण धरणाच्या काठावर नाही, पोटात आहे. ती सात वर्षांची असताना पाणी आलं. त्यांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून, म्हणून पहिलं पाणी त्यांच्याच अंगणात शिरलं. घरातलं सगळं काढलं, जातं तेवढं जड म्हणून राहिलं. तिचा बाप पोरं घेऊन दापोडीला आला आणि पुढं ती माझ्या घरात आली.

त्या दिवसापासून शॉपमध्ये मी "धरण." "ए धरण, च्या घे." रिटायर झालो त्या दिवशी हार घालतानाही सुपरवायझर चुकून "आपले धरण" म्हणाला.

एक खोटं बोललं की त्याची चाकरी करावी लागते. दिवाळीला शॉप ओस पडायचं, सगळे गावाला. मलाही रजा टाकावी लागायची. रजा टाकून मी दापोडीत घरात दडून बसायचो. शालन म्हणायची, "काय चोरी केलीय का तुम्ही?" एका वर्षी भाजी आणायला बाहेर पडलो, तोंडाला मफलर, हातात मेथीची जुडी, आणि समोर बबन. शॉपच्या हिशेबानं मी गावाला जाऊन तीन दिवस झाले होते. त्यानं माझ्याकडं बघितलं, मेथीकडं बघितलं.

"काय धरण," तो म्हणाला, "गाडी चुकली व्हय?"

"हो ना."

"उद्याची मिळंल. स्टँडावर लवकर जात जा." आणि गेला.

शॉपमध्ये त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चार दिवस चेष्टा सोसून मी मोकळा झालो असतो. त्यानं झाकलं, आणि मला वाटलं, आता आपली किल्ली याच्या खिशात. तेव्हापासून तो हसला की मी दचकायचो.

बबनचं उलटं होतं. गावातच राहणारा माणूस सुट्टीत कुठल्या गावाला जाणार? परत आलेली माणसं डबे उघडायची, कुणी काजू, कुणी कुरडया, कुणी चिंच पुढं करायची, आणि वर म्हणायची, "या की एकदा गावाला." हे सगळेच म्हणतात. ऐकणारा "येऊ की" म्हणतो आणि दोघं पुढचा घास घेतात. बबन घास हातात धरून विचारायचा, "गाडी लावायला जागा हाय का?" समोरच्याला वाटायचं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. तीस वर्षांत त्याला जो जो "या की" म्हणाला, तो तो त्यानं लक्षात ठेवला. मीही एकदा म्हणालो होतो, माणूस म्हणतो तसं.

रिटायर झाल्यावर मी दापोडी सोडून चिखलीला त्याच्या बिल्डिंगमध्ये आलो आणि त्यानं कंपनीची एक जुनी मिनीबस घेतली, ज्या बसनं आम्ही पहिल्या पाळीला जायचो तसलीच. चिखलीतल्या एका शेडमध्ये नेऊन सीटा काढल्या. दोन बाकं टाकली झोपायला, शेगडीला ओटा केला, टपावर पाण्याची टाकी बसवली. बिल्डिंगमधली पोरं त्याला कॅम्पर म्हणायला लागली. बबन म्हणायचा, "आमचं बिऱ्हाड." पडदे माझ्या बायकोनं शिवले. निळे, खाली पांढरी पट्टी. माझ्या घरात फारशी न हसणारी बाई त्या गाडीत बसून माप घेताना खिदळायची, तो आवाज मला वर गॅलरीत यायचा. मी खाली गेलो की थांबायचा.

एक दिवस सिंधूवहिनी, म्हणजे बबनची बायको, म्हणाली, "एवढं फिरायचंय तर लॉजवर राहू की. न्हाणी तरी असते."

"लॉजवाला चावी देतो," बबन म्हणाला. "अंगणवाला च्या देतो. च्या पाहिजे का चावी?"

सगळे मुक्काम फुकट पाहिजेत असा त्याचा हट्ट होता. कंजूषपणा नव्हता तो. त्याला बोलावलेल्या माणसाकडंच जायचं होतं. त्यासाठी कंपनीतल्या प्रॉडक्शन शीटसारखा एक मोठा कागद त्यानं आखला. कुणाचं अंगण, नळ कुठं, आणि शेवटचा रकाना, उठल्यावर काय दिसतं. तो रकाना भरायला तो गाडीच्या पायरीवर बसून एकेकाला फोन लावायचा आणि आवाज मोठा ठेवायचा, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा.

"यावल, सकाळी दार उघडलं की समोर काय दिसतं?"

"शेजाऱ्याचा संडास."

"मग गाडी उलटी लावू. उलट्या बाजूला काय?"

"केळी आहेत."

"केळी ल्ही," तो स्वतःलाच म्हणायचा आणि लिहायचा.

औसा जरा टाळायला लागला. "अरे गाववाला, मी आपलं म्हणलं होतं रे तेव्हा."

"म्हणला व्हतास ना? मग आता नळ कुठाय सांग."

राधानगरीला फोन लावला तेव्हा त्याची बायको बोलली. तो जाऊन वर्ष झालं होतं, आम्हाला पत्ता नव्हता. बबननं पेन त्या नावावर आणलं. मला वाटलं, आता रेघ मारणार. त्यानं विचारलं, "वहिनी, अंगण हाय ना?" ती म्हणाली आहे. "मग येतो. त्यानं बोलावलंय." आणि लिहिलं.

रस्ताही असाच ठरवला. आंबा घाट दुपार कलल्यावर चढायचा, म्हणजे ऊन पाठीला आणि मागं वळलं की कोकण. कुठल्या तळ्यापाशी जेवायला थांबायचं, कुठल्या वळणावर नुसतं उभं राहायचं. अकरा मुक्काम झाले. यादी वाचताना तो शेवटी म्हणायचा, "आणि अकरावा, धरण. घरी यायच्या आदल्या दिवशी." म्हणायचा आणि माझ्याकडं बघायचा.

माझं पाणी पाणी व्हायचं. दहा जणांची अंगणं खरी, माझं एकट्याचं पाण्याखाली. गाडी तिथं पोचली की सिंधूवहिनीसमोर, त्याच्या पोरासमोर, सगळ्यांसमोर या वयात माझी फजिती होणार होती. कागद बघायची माझी हिंमत नव्हती. मी एकेक कारण काढायला लागलो. म्हणालो, "आमच्या भावकीत वाद चाललाय. घराला कुलूप आहे."

"घर नको. अंगण दे."

"रस्ता खराब आहे."

"चालत जाऊ."

"बबन, तुला कळत कसं नाही?"

"कळतं की," तो म्हणायचा आणि सुपारी कातरायला लागायचा.

दुसरा घोळ मे महिन्याचा. त्याला जायचं होतं मेमध्येच. सगळे ओरडले. श्रावणात जा, हिरवंगार असतं. थंडीत जा. मी सगळ्यात जास्त बोललो. "पत्र्यात भाजून निघशील. वांगं होईल तुझं." त्यानं ऐकलं नाही. "पाऊस पडला की एक मुक्काम जातो," एवढंच म्हणायचा. मला वाटायचं घाटातल्या दरडीबद्दल बोलतोय. पडदे झाले त्या मेमध्ये शालन आजारी होती, तो थांबला. ती गेली. पुढच्या मेमध्ये त्याचा गुडघा. तरी हिवाळ्यात निघाला नाही. अडून बसला, या मेपर्यंत.

मार्चमध्ये त्यानं ट्रायल घेतली. नवीन डाय बसवली की आधी चार पीस काढून बघायचे ही त्याची जुनी सवय. म्हणून तो आणि सिंधूवहिनी घर सोडून एक रात्र खाली गाडीत झोपले. सकाळी मी गॅलरीत दात घासत होतो. निळा पडदा सरकला. शालननं शिवलेला पडदा, सरकवणारा हात दुसऱ्या बाईचा. मग दार उघडलं, बबन आधी उतरला आणि बायकोला उतरायला हात दिला. ती म्हणाली, "सरका, मला येतंय." तरी हात धरला. मी चूळ भरली आणि आत गेलो.

मी शालनला कधी कुठं नेलं नाही. मे आला की ती म्हणायची, "पाणी उतरलं असंल. एकदा अंगण बघून येऊ." मे महिन्यात शॉपमध्ये माणसं नसायची, डबल शिफ्ट मिळायची, मी ती धरायचो. "चिखल बघायला कशाला जायचं?" असं म्हणायचो. खरं कारण वेगळं होतं. तो चिखल एकदा डोळ्यांनी बघितला असता तर पुन्हा जेवणाच्या सुट्टीत मला धरणावरचं घर सांगता आलं नसतं.

तर तो रविवार. जाळी लावून झाली. निघायला तीन आठवडे होते. बबन म्हणाला, "खिडकीजवळची एक सीट काढली न्हाई. तुझी हाय."

"तुम्हा नवरा-बायकोत मी कशाला? कबाब में हड्डी."

"पोरगा बी हाय गाडी चालवायला. आन् अकराव्या मुक्कामाला यजमान नको व्हय?"

मी स्क्रू ड्रायव्हर त्याच्या ओट्यावर आपटला आणि जिन्याकडं निघालो. मागं वळून बघितलं तेव्हा तो जाळी बघायला बाकावर आडवा झाला होता. दारातून नुसते तळपाय दिसत होते, भेगाळलेले, शेतकऱ्याचे. आतून ओरडला, "धरण, वारं येतंय रे!"

मी जिना चढून वर गेलो.

सोमवारी दुपारी जेवून तो खुर्चीत बसला तो उठलाच नाही. पोरानं दवाखान्यात नेलं, पण सगळं आधीच संपलं होतं. संध्याकाळी पोचवून आलो. स्मशानात उभं राहायला जागा नव्हती एवढी माणसं. मी तिथंही जळलो, लपवून काय करू. डोक्यात आलं की शालन जिथं असेल तिथं हा माझ्याआधी पोचला. आमच्यात असलं काही मानत नाहीत. तरी आलं.

मंगळवारी सकाळी सिंधूवहिनीनं पोराला पाठवून मला खाली बोलावलं. घर नातेवाइकांनी भरलेलं, ती गाडीच्या पायरीवर बसली होती. मी समोर उभा राहिलो. काय बोलायचं असतं ते मला येत नाही. तिनं तो कागद पुढं केला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला.

"भाऊजी, या सगळ्यांना फोन करा. वाट बघत बसतील. माझ्यानं बोलवत नाही."

मी कागद घेतला. मला वाचायला बोट लागतं. बोट फिरवत खाली आलो. दहाव्या मुक्कामाखाली माझं नाव असणार म्हणून मी तयारीत होतो. ते नव्हतं. बबनच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: अकरा. शालनवहिनीचं अंगण. मेअखेर, पाणी उतरल्यावर. नळ नाही. उठल्यावर काय दिसतं: आंब्याचं खोड, जातं, पायऱ्या पाच. आणि कडेला बारीक अक्षरात: धरणला आधी सांगायचं नाही, यायचा नाही.

"याला कसं माहीत?" मी विचारलं. आवाज चढला माझा. मेलेल्या माणसावर.

"आम्ही गेलो होतो," ती म्हणाली. "बारा वर्षं झाली. एका लग्नात पंगतीत शेजारी बसल्या होत्या शालनताई. म्हणाल्या, मला माझं अंगण बघायचंय, हे नेत नाहीत. आमचे हे म्हणाले, चला. दिराची जीप होती. तुम्ही डबल शिफ्टला होता."

"मला बोलली नाही ती."

"तुम्हाला लाज वाटंल म्हणाल्या. ह्यांना शपथ घातली त्यांनी."

माझी बायको तिच्या अंगणात उभी राहिलेली बबननं बघितली. मी नाही बघितली. चाळीस वर्षांचा संसार, आणि ते एक बघायचं राहिलं होतं, तेही त्यानंच बघितलं. मी विचारलं, "काय केलं तिनं तिथं?"

सिंधूवहिनीनं पदर तोंडाला लावला, मग काढला. "जात्यावरचा चिखल पदरानं पुसला. मग पायऱ्या मोजल्या. चारच लागल्या. पाचवी सापडंना तशा रडायला लागल्या लहान पोरीसारख्या. हे धोतर वर करून पाण्यात उतरले. पायानं चाचपत गेले आणि म्हणाले, 'हाय, वहिनी, हाय. माझ्या पायाखाली हाय.'"

वर कुणीतरी कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या येत होत्या.

"गाडी पोरगा चालवील," ती शेवटी म्हणाली. "या मेमध्ये नाही जमलं तर पुढच्या. पण जाणार. त्यांना बोलावलंय सगळ्यांनी. तुम्ही त्या सीटवर बसा."

"मला तिथली वाट माहीत नाही, वहिनी."

"मला आहे. मी दाखवते."

मी गाडीत चढलो. खिडकीजवळच्या सीटवर बसलो, निळा पडदा बाजूला केला आणि पहिला नंबर लावला. चिपळूण. बऱ्याच वेळानं त्यानं उचलला.

"बबन गेला," मी म्हणालो. "काल दुपारी."

मग तो म्हणाला, "अरे देवा. गाववाला? कोण बोलतंय?"

तीस वर्षं मी याच्या शेजारच्या मशीनवर उभा होतो. धरण म्हणालो असतो तर त्यानं एका शब्दात ओळखलं असतं.

"दापोडी," मी म्हणालो.

"दापोडी? कोण दापोडी? आपल्या शॉपला दापोडीचा कुणी नव्हता राव."

"होता," मी म्हणालो. "मी होतो. सांगतो सगळं, आल्यावर सांगतो. आता आधी हे सांग, तुझ्या अंगणात नळ कुठल्या बाजूला आहे?"